बेब रूथ यँकीजना परवडला कसा?

५ जानेवारी १९२० ला न्यूयॉर्क यँकीज या बेसबॉल संघाने जाहीर केलं की बोस्टन रेड सॉक्सकडून त्यांनी बेब रूथला विकत घेतलंय. किंमत १ लाख डॉलर. त्याआधीचा गाजलेला सौदा म्हणजे १९१६ चा ट्रिस स्पीकरचा, आणि तो याच्या जवळपास निम्म्या किमतीचा होता. हे पैसे रूथच्या खिशात गेले नाहीत बरं का. तेव्हाच्या करारात 'रिझर्व्ह क्लॉज' असायचं, म्हणजे खेळाडू क्लबला बांधलेला. तो स्वतःहून दुसरीकडे जाऊ शकत नसे. एक क्लब दुसऱ्या क्लबला पैसे मोजायचा आणि खेळाडूने बॅग भरायची.

रूथने १९१९ मध्ये २९ होमरन मारले होते. (होमरन म्हणजे साधारण आपला सिक्सर, फक्त कितीतरी दुर्मीळ.) हा तेव्हाचा विक्रम. तीन वर्षांचा करार हातात असूनही तो वर्षाला १० हजारांऐवजी २० हजार डॉलर पगार मागत होता. म्हणजे किंमत प्रचंड, वर पगार दुप्पट. मग हे परवडलं कसं?

नेहमीचं उत्तर एका वाक्याचं असतं: यँकीजचा एक मालक जेकब रुपर्ट बिअरचा बडा कारखानदार होता, गडगंज होता, म्हणून. उत्तर खोटं नाही, पण तारखा शेजारी ठेवून बघा. अमेरिकेत दारूबंदी लागू झाली १७ जानेवारी १९२० ला, या घोषणेनंतर फक्त बारा दिवसांनी. ज्याच्या मुख्य धंद्यावरच कुऱ्हाड येतेय, तो माणूस नेमक्या त्याच महिन्यात विक्रमी खरेदी करतो. 'श्रीमंत होता' एवढ्यावर हे सुटत नाही. संशोधनात अशी उत्तरं फार भेटतात. ती बरोबर असतात, पण पुरेशी नसतात.

कागदावरच्या अटी पाहिल्या की चित्र बदलतं. १ लाख एकरकमी द्यायचेच नव्हते. २५ हजार रोख, आणि उरलेल्या ७५ हजारांच्या तीन वचनचिठ्ठ्या, दर साल ६ टक्के व्याजाने, १९२० ते १९२२ अशी तीन वर्षं नोव्हेंबरमध्ये एकेक फेडायची. सरळ भाषेत, हप्त्यांवर खरेदी.

विकणारा हे का मान्य करतो? रेड सॉक्सचे मालक हॅरी फ्रेझी नाटकांचे निर्माते होते आणि त्यांना पैशांची निकड होती. १९१६ मध्ये संघ विकत घेताना केलेलं देणंच अजून फिटलेलं नव्हतं. सौद्याचा दुसरा भाग त्यांच्यासाठी म्हणूनच जास्त मोलाचा: रुपर्टने त्यांना ३ लाख डॉलर कर्जाऊ द्यायचे, आणि त्याबदल्यात रेड सॉक्सचं मैदान, फेनवे पार्क, तारण राहणार. इथे रुपर्टची श्रीमंती खरोखर कामी आली. पण कर्ज हा खर्च नव्हे. ते व्याजासकट परत यायचं होतं, नाहीतर प्रतिस्पर्ध्याचं मैदानच हाती. (फ्रेझींनी 'नो, नो, नॅनेट' या संगीतिकेसाठी रूथला विकलं, ही दंतकथा तुम्ही ऐकली असेल. ही संगीतिका ब्रॉडवेवर आली १९२५ मध्ये. ती ज्या नाटकावर बेतली ते डिसेंबर १९१९ चं आहे, त्यामुळे दंतकथेला थोडा आधार आहे, पण थोडाच.)

आता मला सर्वांत रोचक वाटणारा भाग. एकच खेळाडू दोन शहरांत सारख्या किमतीचा नव्हता. न्यूयॉर्कमध्ये १९१९ पासून रविवारी सामने खेळवायला कायद्याने परवानगी मिळाली होती. बोस्टनमध्ये रविवारची बंदी पुढे १९२९ पर्यंत टिकली. कामगारांना सुट्टी रविवारची! लोकसंख्या न्यूयॉर्कची कितीतरी मोठी, त्यात हा दिवस. म्हणजे बोस्टनला जो पगार डोईजड होता, तो न्यूयॉर्कला गुंतवणूक वाटू शकत होता.

हे तपासता येतं का? करून बघू. यँकीजच्या घरच्या सामन्यांना १९१९ मध्ये ६,१९,१६४ प्रेक्षक आले. १९२० मध्ये १२,८९,४२२. दहा लाखांचा आकडा ओलांडणारा हा पहिला संघ. पण ही सगळी वाढ रूथच्या नावावर टाकणं चुकीचं. १९१९ चा हंगाम १४० सामन्यांचा होता, १९२० चा १५४. युद्ध संपलं होतं, गर्दी सगळीकडेच वाढत होती. शिवाय यँकीज शेवटपर्यंत शर्यतीत होते. म्हणून कंट्रोल हवा.

अमेरिकन लीगमधले बाकीचे सात संघ घ्या. त्यांची गर्दी मिळून साधारण २५ टक्के वाढली, यँकीजची १०८ टक्के. (बोस्टनची तर किंचित घटली.) पण हा कंट्रोल दूषित आहे, कारण रूथ त्या सातही शहरांत खेळायला जायचा आणि तिथली गर्दी वाढवायचा. नॅशनल लीगमध्ये मात्र तो खेळत नव्हता. तिथे वाढ ४० टक्के. गंमत म्हणजे स्वच्छ कंट्रोलमध्ये वाढ जास्त निघाली, म्हणजे आपल्या दाव्याला जास्त कडक परीक्षा. चालेल, तीच देऊ. रूथशिवाय यँकीजची गर्दी ४० टक्क्यांनी वाढली असती असं धरलं, तर ती सुमारे ८.७ लाख झाली असती. प्रत्यक्षातला फरक ४.२ लाखांचा.

खर्चाची बाजू: १९२० मध्ये रोख २५ हजार, पहिला हप्ता २५ हजार, ७५ हजारांवर व्याज ४,५००, आणि पगार साधारण २० हजार. एकूण ७४,५००. भागा ४.२ लाखांनी. दर जादा प्रेक्षकामागे सुमारे १८ सेंट. सर्वांत स्वस्त तिकीटसुद्धा याहून महाग होतं. पाहुण्या संघाचा वाटा आणि मैदानाचं भाडं वजा करावं लागेल, हे खरं. पण बाहेरगावच्या सामन्यांतून यँकीजना मिळालेला वाटा आपण धरलेलाच नाही. हिशोब ढोबळ आहे, पण त्याची दिशा स्पष्ट दिसते: रूथचे हप्ते बऱ्याच अंशी रूथला बघायला आलेल्या लोकांनीच फेडले. रुपर्टची श्रीमंती सौदा सुरू करायला लागली, चालवायला फारशी नाही.

अर्थात १९२० मध्ये रूथ ५४ होमरन मारेल, हे सही करताना कोणालाच माहीत नव्हतं. तो जायबंदी झाला असता तरी वचनचिठ्ठ्या फेडाव्या लागल्याच असत्या. जोखीम खरी होती. वर मांडलेला हिशोब आपल्याला निकाल माहीत असताना केलेला आहे, आणि रुपर्टने तो आंधळेपणाने केला होता.

यँकीज तेव्हा पोलो ग्राउंड्सवर जायंट्सचे भाडेकरू होते. भाडेकरूंकडे घरमालकापेक्षा जास्त गर्दी व्हायला लागल्यावर व्हायचं तेच झालं, जागा सोडायचा निरोप आला. १८ एप्रिल १९२३ ला यँकीजनी स्वतःचं स्टेडियम उघडलं. समोर रेड सॉक्सच होते, आणि तिथला पहिला होमरन रूथचा.