सेड

युनिक्स व लिनक्स प्रणालींतील, कमांड लाइनवरून चालणारी मजकूर-संपादनाची आज्ञा. फाइल संपादकात न उघडता, दिलेल्या नमुन्याशी जुळणारा मजकूर ती शोधते आणि बदलते. ली मॅकमहन यांनी बेल लॅब्समध्ये १९७३-७४ च्या सुमारास ती तयार केली. तिच्या आज्ञांची घडण केन टॉम्प्सन यांच्या ‘एड’ या संपादकावरून आलेली आहे.

सलग मजकुरात ठरावीक खुणेनंतर नवी ओळ पाडणे हा तिचा नेहमीचा उपयोग. ‘एस’ या आज्ञेपुढे तिरक्या रेघांमध्ये आधी नमुना, मग बदली मजकूर लिहितात. शेवटी ‘जी’ जोडले नाही तर प्रत्येक ओळीतला पहिलाच जुळणारा भाग बदलतो. ग्नू सेडमध्ये बदली मजकुरात उलटी तिरकी रेघ व ‘एन’ लिहिले की ओळ तुटते. बीएसडी घराण्यातील जुन्या सेडमध्ये मात्र तिथे नुसते ‘एन’ हे अक्षर उमटते. उलटी तिरकी रेघ देऊन लगेच एंटर दाबणे ही पॉझिक्स मानकातली रीत दोन्हीकडे चालते. दुसऱ्याच्या संगणकावर जाणाऱ्या स्क्रिप्टमध्ये तीच वापरावी.

सेड एकेक ओळ उचलते, तिच्या शेवटचे ओळ-चिन्ह काढून ठेवते आणि छापताना परत लावते. त्यामुळे नमुन्यात ते चिन्ह शोधले तर एरवी सापडत नाही. आधी मोठ्या लिपीतल्या ‘एन’ने पुढची ओळ जोडून घ्यावी लागते. नुसत्या मोठ्या ‘जी’ने प्रत्येक ओळीनंतर एक कोरी ओळ येते.

एका चिन्हाच्या जागी ओळ तोडायला ‘टीआर’ ही आज्ञा सोपी, पण देवनागरीत ती घात करते. ग्नू टीआर अक्षरे नव्हे, बाइट बदलते. यूटीएफ-८ मध्ये दंड हे चिन्ह ई०, ए५, ए४ अशा तीन बाइट्सचे असते आणि देवनागरीतील प्रत्येक चिन्हाचे पहिले दोन बाइट यांतलेच असतात. अभंगांच्या फाइलीत दंडाच्या जागी ओळ तोडायला गेल्यास सगळा मजकूरच फुटतो. सेड तिन्ही बाइट सलग जुळवते, म्हणून अक्षरे शाबूत राहतात.

‘आय’ हा पर्याय दिल्याशिवाय मूळ फाइल बदलत नाही. तो देताना त्याला जोडूनच एखादा प्रत्यय लिहावा. जुनी प्रत तो प्रत्यय लागलेल्या नावाने शिल्लक राहते.