रोशाचे तेल

खानदेशच्या उघड्या डोंगरउतारांवर पावसाळा सरताना रोशा नावाचे रानगवत फुलावर येते. त्याचा तुरा चुरगाळला असता गुलाबाची आठवण व्हावी, असा त्याचा वास! एकोणिसाव्या शतकात ओढ्याकाठी भट्ट्या लावून ह्या गवताचे तेल काढीत. ते मुंबईहून तांबड्या समुद्राच्या वाटेने कॉन्स्टॅन्टिनोपलास जाई. तेथे त्यास 'तुर्की जिरॅनियम तेल' हे नाव मिळे, आणि बाल्कन प्रांतांतील गुलाबाच्या अत्तरात त्याची भेसळ होई. तुर्कांचा वा जिरॅनियमचा ह्या गवताशी काय संबंध?

ही भेसळ नाकास सहसा कळत नसे. त्याचे कारण रसायनशास्त्राने उलगडले. १८७१ साली जर्मन रसायनज्ञ ऑस्कर याकोबसेन ह्यांनी ह्याच तेलातून एक सुगंधी द्रव वेगळा केला. त्यास जिरॅनिऑल हे नाव पडले. म्हणजे व्यापाऱ्यांचे खोटे नाव शास्त्रात कायमचे रुजले, आणि रोशा बिचारा अनामिकच राहिला! पुढे तेच द्रव्य गुलाबतेलातही सापडले. मात्र गुलाबतेलात थंडीने गोठणारा मेणासारखा अंश असतो, तो रोशात नाही. लबाड व्यापारी ती उणीव देवमाशाच्या मेणाने भरून काढीत.

रोशातही दोन जाती आहेत. मोतियाच्या तेलात जिरॅनिऑल शेकडा ७५ हून अधिक भरते, सोफियाच्या तेलात पुष्कळच कमी. दिसावयास दोन्ही गवते जवळजवळ सारखीच. ती एका भट्टीत पडली, की मोतियाचा भाव गेलाच.