शंभराचे पाचशे कसे झाले?

चक्रवाढ व्याजाची उदाहरणं सोडवताना 'हे पुढे कुठे लागणार?' असं तुमच्या मनात येऊन गेलं असेलच. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात आजूबाजूचे शेतकरी जमले, सावकारांकडे चोपड्या आणि कर्जाची खतं मागू लागले, आणि हाती लागली ती त्यांनी जाळली. दख्खनचे दंगे इथून सुरू झाले. दंग्यांबद्दल एपिसोडमध्ये बोललोच आहोत. इथे कागद-पेन्सिल घ्या, कारण त्या खतांमध्ये हेच शाळेतलं गणित होतं.

१८५९च्या मुदतीच्या कायद्याने असं खत तीनच वर्षं चालणार होतं. हेतू चांगला होता, व्याज साचत जाऊ नये. पण सावकार दर तीन वर्षांनी नवं खत लिहून घ्यायचा आणि थकलेलं व्याज त्यात मुद्दल म्हणून धरायचा. समजा, कर्ज १०० रुपये आणि व्याज महिन्याला शेकडा दोन. तीन वर्षांत व्याज ७२, म्हणून नवं खत १७२चं. त्यापुढचं जवळजवळ २९६चं. नवव्या वर्षाअखेर देणं ५०९. सरळ व्याजाने ते ३१६ झालं असतं. जुन्या दामदुपटीच्या नियमाने तर थकलेलं व्याज मुद्दलाहून जास्त मागताच येत नसे, म्हणजे २००वरच थांबलं असतं. नव्या खताने तो अडसरही गेला.

शेतकऱ्याला हिशेब येत नव्हता असं मात्र समजू नका. पाव, निम्मं, पाऊण, सव्वा हे तो बाजारात तोंडी करायचा. अडचण कागदाची होती. खत लिहिणारा दुसरा, वाचून दाखवणाराही दुसरा. शेतकऱ्याची खाली फक्त निशाणी, पुष्कळदा नांगराची.

१८७९च्या कायद्याने कर्जाचा हिशेब पहिल्यापासून तपासायचा अधिकार कोर्टांना दिला, शेतकऱ्याला पावती मागायचा हक्क दिला. पण पावती वाचणार कोण? १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. प्राथमिक शाळेत काय शिकवावं याच्या त्यांच्या यादीत मोडी आणि बाळबोध लेखन-वाचन होतं, हिशेब होता, शेतीची माहितीही होती. त्यातली मोडी मला फार बोलकी वाटते. पुस्तकं बाळबोधीत छापली जात होती; सावकाराची खतं मोडीत असायची.