नगरची वाट

जामखेड ते नगर अंतर साधारण पंचाहत्तर किलोमीटर. माझ्या आजीच्या धाकट्या चुलत्याने ही वाट सात-आठ वर्षांचा असताना पायी तुडवली. साल १९००. मागच्या पावसाळ्यात पाऊस फिरकलाच नव्हता. आजीचा जन्म त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झालेला, पण ती हे सगळं डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगायची. तिच्या बापाने तिला तसंच सांगितलं होतं.

"आधी बैलं गेली, मग माणसं जायला लागली," ती म्हणायची. उंबरं, बोरं, निवडुंगाची बोंडं संपली, मग लोकांनी हाताला लागेल तो झाडपाला शिजवला. चुलत्याची आई घरातच गेली. बाप सरकारी खडीवर गेला आणि तिथे पटकीच्या साथीत सापडला. त्या वर्षी दुष्काळी कामांच्या छावण्यांत पटकीने फार माणसं नेली. मागे दोन भाऊ राहिले. थोरला चौदाचा, हाताला काम मागण्याजोगा. धाकट्याला त्याने नगरकडे निघालेल्या वाटसरूंच्या हाती दिलं. नगरला मिशनवाले पोरांना खाऊ घालतात, एवढीच बातमी बालाघाटाच्या पायथ्याशी पोचली होती.

नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम तोवर मुरलेलं होतं. सिंथिया फॅरार या अविवाहित बाई १८२७ साली समुद्र ओलांडून मुंबईला आल्या आणि १८३९ पासून नगरला मुलींच्या शाळा चालवू लागल्या. जोतीराव फुल्यांनी त्यांची शाळा पाहिली आणि पुण्यात मुलींची शाळा काढायची उमेद तिथून घेतली. परक्या मुलखात, परक्या भाषेत, ज्यांचे आईबापच शाळेच्या विरोधात अशा मुली गोळा करणं किती अवघड असेल! बाईंनी उरलेलं आयुष्य त्यातच घातलं आणि १८६२ साली नगरलाच देह ठेवला.

पण आमच्या घराच्या गोष्टीत जे साहेब येतात ते रेव्हरंड रॉबर्ट ॲलन ह्यूम. जन्म १८४७, मुंबईतला. वडीलही मिशनरीच होते. ते लवकर गेल्यावर आईने मुलांना घेऊन अमेरिका गाठली. मुलगा येलला शिकला, पुढे धर्मशास्त्र शिकला आणि १८७४ साली नगरला आला. वय सत्तावीस. दोन वर्षं होतात न होतात तोच १८७६चा दुष्काळ दख्खनवर कोसळला. मला या माणसाच्या चरित्रातली हीच वर्षं सगळ्यात महत्त्वाची वाटतात. प्रवचन द्यायला शिकून आलेल्या तरुणापुढे भुकेली पोरं उभी होती आणि त्यांना आधी भाकरी हवी होती. १८९६-९७चा आणि पाठोपाठ १८९९-१९००चा दुष्काळ आला तेव्हा ह्यूम नवखे राहिले नव्हते. अमेरिकेतून पैसा यायचा, इथे अन्न आणि निवारा उभा राहायचा. त्या कामाबद्दल सरकारने त्यांना कैसर-ए-हिंदचं सुवर्णपदक दिलं. मिशनच्या छत्राखाली आलेल्या अनाथ मुलांत आमचा एक होता.

पोटाला मिळालं, जीव तगला. पुढे काय? जमीन नाही, जात पाठीशी नाही, लग्न कोण लावणार? मिशनने धंदेशिक्षणाच्या शाळा काढल्या. सुतारकाम, गालिचे, विणकाम. डेव्हिड चर्चिल नावाचे अमेरिकन इंजिनिअर त्या सुमारास नगरला आले. पोरांच्या हाताला पोट भरण्याइतकी मजुरी पडावी म्हणून त्यांनी हातमागच सुधारला. आमचा चुलता याच चर्चिल मागावर बसला.

तो ख्रिस्ती झाला होता, हे सांगताना आजीचा आवाज खाली यायचा. भावकीत तो 'बाटला' होता. यावर मला स्पष्ट बोललं पाहिजे. आठ वर्षांचं उपाशी पोर धर्म निवडत नसतं. मिशनरी धर्मासाठीच आले होते, ते त्यांनी कधी लपवलं नाही. पण तो मुलगा जगला तो त्यांच्यामुळे, आणि ज्या भावकीने पुढे त्याला ओट्यावर बसवलं तिने त्या साली त्याला मूठभर दाणे दिले नव्हते. हे दोन्ही एकत्र धरूनच त्यांच्याकडे पाहावं लागतं.

ओट्यावर बसवलं ते खरंच. आजी लहान असताना तो एकदा गावी आला. डोक्याला फेटा, अंगात कोट, बगलेत कापडाचा गठ्ठा. थोरल्या भावाने गळामिठी मारली, पण पाणी वेगळ्या तांब्यातून, वरून ओंजळीत. तो मुकाट्याने प्यायला. गठ्ठा सोडला तर आत स्वतः विणलेलं कापड, पांढरं, लाल काठाचं. पुरुष मंडळी त्याला शिवेनात. आजीच्या आईने मात्र उचललं, दोन बोटांत धरून वीण पाहिली आणि म्हणाली, "हात चांगला बसलाय की भावजींचा." त्या कापडाचा आजीला परकर झाला. फाटेपर्यंत तिने तो नेसला. चुलता पुन्हा आला नाही.

नगर जिल्ह्यातल्या मिशनच्या शाळांनी पुढे शिक्षकांच्या पिढ्या घडवल्या. अशाच एका शिक्षक दांपत्याच्या पोटी राहुरीला १९३४ साली रजनीकांत आरोळे जन्मले. पत्नी मेबल जबलपूरच्या, धर्मशास्त्राच्या प्राध्यापकाची मुलगी. दोघं वेल्लोरला डॉक्टर झाले आणि खेड्यातल्या गरिबांसाठी आयुष्य द्यायचं, हे लग्नातच ठरवून मोकळे झाले. सुरुवात वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात. तिथे त्यांना एक गोष्ट टोचू लागली. बरी करून घरी धाडलेली पोरं त्याच दुखण्याने परत यायची. घाण पाणी आणि अपुरं अन्न घरीच होतं. दवाखाना त्यापासून लांब. अमेरिकेत जाऊन त्यांनी सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला आणि १९७० साली ते जामखेडला आले. गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत काम सुरू झालं. आमच्या भागात तेव्हा जन्मणाऱ्या हजार मुलांमागे १७६ वर्ष पुरं व्हायच्या आत दगावत होती.

आणि लगेच १९७२चा दुष्काळ. मी तेव्हा लहान होतो. आई खडी फोडायला जायची. आरोळ्यांच्या प्रकल्पाने गावोगावच्या लोकांना पुढे घालून पाच वर्षांच्या आतल्या मुलांसाठी जेवण सुरू केलं होतं. धान्य बाहेरून यायचं, पण शिजवायची गावातलीच माणसं. मला आठवतो तो काळाकुट्ट हंडा, धूर, आणि एका ओळीत मांडलेल्या जर्मनच्या ताटल्या. माझ्या धाकट्या बहिणीशेजारी महारवाड्यातली पोर बसली म्हणून एक म्हातारा कुरकुरला. आजीने त्याला गप्प केलं. मग ती त्या ओळीकडे बघत बसली आणि आईला म्हणाली, "त्या साली असं हितंच शिजलं असतं, तर आमचा चुलता कशाला गेला असता गं?"

ह्यूमसाहेबांच्या काळात पोराला वाचवायला त्याचं गाव सुटावं लागलं. आरोळ्यांनी मदत वेशीच्या आत आणली, आणि ती बाहेरच्या माणसाच्या हाती ठेवली नाही. हातपंप दलित वस्तीत बसवले, म्हणजे सगळ्या गावाला तिथे यावंच लागावं. आरोग्यसेविका निवडल्या त्या गावातल्याच, बहुतेक अक्षरओळख नसलेल्या, कितीतरी दलित. त्यांनी बाळांची वजनं केली, बाळंतपणं केली, घरोघर साखर-मिठाचं पाणी शिकवलं. बालमृत्यूचा तो आकडा पुढच्या वीसेक वर्षांत हजारी विशी-पंचविशीवर आला. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा जामखेडचं नाव जगभर झालं. आम्हाला त्याआधीच कळलं होतं, कारण माझ्या धाकट्या भावंडांपैकी एकही गेलं नाही.

पोरांचं गाव सुटणं मात्र थांबलेलं नाही. दसरा झाला की आजही आमच्या तालुक्यातून ऊसतोडीचे कोयते निघतात. नवरा-बायको उसाच्या फडावर, आणि पोरं एक तर बैलगाडीत नाहीतर म्हातारीपाशी. शाळा तुटते, मुलीचं लग्न लवकर उरकतं. या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची सरकारी योजना आहे. ती दिवाळीनंतर रखडत सुरू होऊन चालणार नाही. पहिली गाडी वेशीबाहेर पडायच्या आधी गावातच चूल पेटलेली हवी, आणि त्या चुलीवर गावच्याच बायांचा हात हवा. ग्रामसभेत मी हे दरवर्षी मांडतो, यंदाही मांडणार आहे.