दयेचा जमाखर्च

२०१८ साली हैदराबादच्या कोंडापूर भागात तेथील महानगरपालिकेने पाळीव कुत्र्यांसाठी एक स्वतंत्र उद्यान उघडले. सुमारे सव्वा एकराची ती जागा पूर्वी कचरा टाकण्याच्या उपयोगाची होती. कोटीभर रुपये खर्चून तेथे हिरवळ लावण्यात आली, कुत्र्यांना धावण्याखेळण्याची सोय झाली, आणि देशातील अशा प्रकारचे हे पहिले उद्यान म्हणून वृत्तपत्रांनी त्याचे कौतुक केले. पाळीव कुत्र्यांपुरते ते कौतुक खरे असेल. परंतु गावातील लोकांनी आपसांत पैसा उभारून शहराच्या ऐन वस्तीत कुत्र्यांसाठी जागा राखावी, ही गोष्ट आपल्याकडे नवी नव्हे. मुंबईत ती १८३४ साली घडली, आणि ज्यांचा कोणी धनी नाही अशा कुत्र्यांसाठी घडली. आज मी आपणांपुढे त्या संस्थेचा, आणि विशेषेकरून तिच्या पैशाचा इतिहास मांडणार आहे. इतिहासाच्या तासाला आम्ही शिक्षक मंडळी मुलांकडून लढायांच्या सनावळ्या घोकून घेतो. एखादी संस्था कोणाच्या पैशावर उभी राहिली आणि पुढे कोणाच्या पैशावर चालली, हा प्रश्न मात्र प्रश्नपत्रिकेत कधी येत नाही.

या कथेचा आरंभ एका दंगलीत आहे. त्या काळच्या मुंबईत मोकाट कुत्री विपुल होती आणि कंपनी सरकारला त्यांचे भय वाटे. ते भय अगदीच निराधार होते असे म्हणता येणार नाही. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर पाश्चरची लस यावयाला १८८५ साल उजाडावे लागले. तोवर ज्याला तो रोग जडला त्याला मरणावाचून गती नव्हती. म्हणून १८१३ च्या एका नियमान्वये उन्हाळ्याच्या ठरावीक दिवसांत मोकाट कुत्री मारण्याची मुभा पोलिसांना देण्यात आली होती. १८३२ साली ही मुदत वाढवून मोहीम जूनमध्येही चालू ठेवण्यात आली. दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मिळत असे. जेथे मारलेल्या कुत्र्यांच्या संख्येवर मजुरी ठरते, तेथे मारणारा मोकाट कोणते आणि घरचे कोणते हे पाहत बसत नाही. लोकांच्या दारांतून, ओट्यांवरून कुत्री ओढून नेली जाऊ लागली.

६ जून १८३२ रोजी कोटाच्या भागात लोकांचा संयम सुटला. पारशी व हिंदू जमावाने कुत्री मारणाऱ्या शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिला. हरताळ एवढ्यावरच थांबता तर सरकारने तो कदाचित मनावर घेतला नसता. परंतु लोकांनी कुलाब्याच्या छावणीकडे जाणारा दाणागोटा अडवून धरला, आणि गोऱ्या पलटणीच्या जेवणाचा प्रश्न उभा राहिला. अखेर दंगलीचा कायदा वाचून दाखवून सैन्य बोलवावे लागले.

कुत्र्यासाठी एवढा क्षोभ का व्हावा, असे कोणी विचारील. पारशी धर्मात कुत्र्याचे स्थान फार वरचे आहे. माणूस वारल्यावर त्याच्या देहावर कुत्र्याची दृष्टी पाडण्याचा ‘सगदीद’ नावाचा विधी त्यांच्यात आहे, आणि डोळ्यांवर दोन ठिपके असलेला, म्हणजे ‘चार डोळ्यांचा’ कुत्रा त्यासाठी उत्तम मानला जातो. ‘वेंदिदाद’ या त्यांच्या धर्मग्रंथात कुत्र्याला इजा करणाऱ्यास कठोर शासन सांगितले आहे. जैनांना आणि वैष्णवांना तर कोणत्याही जिवाची हत्या असह्यच. दत्ताच्या पायांशी चार कुत्रे बसलेले असतात, खंडोबाच्या सोबतीला कुत्रा असतो. आमच्या ख्रिस्ती परंपरेतील संत रोक यांच्या मूर्तीजवळही तोंडात भाकरी धरलेला कुत्रा दिसतो. तथापि केवळ धर्मभावनेने ही दंगल पेटली, असे मला वाटत नाही. परक्या सत्तेचा शिपाई आठ आण्यांसाठी आपल्या उंबरठ्यात शिरतो, हा अपमानही त्यात होता.

दंगल शमल्यावर खरा पेच पडला तो शहरातील मोठ्या व्यापाऱ्यांना. त्यांचा व्यापार सरकारच्या मर्जीवर चालत होता, आणि त्यांची प्रतिष्ठा लोकांच्या मर्जीवर. त्यांच्यात अग्रभागी होते जमशेटजी जिजीभाई. पुढे १८४२ साली ‘सर’ झालेले, आणि ज्यांच्या नावाची रुग्णालय व कलाशाळा आजही मुंबईत आहे, तेच हे. व्यापाऱ्यांनी सरकारकडे अर्ज केला : कुत्री मारू नयेत, ती पकडून शहराबाहेर न्यावीत. हा अर्ज लिहिणे सोपे होते. पण शहराबाहेर म्हणजे कोठे? तेथे त्यांना खाऊ कोण घालणार? आज घालील, पण पुढच्या वर्षी कोण घालील? लोकांच्या संतापातून सुटलेला प्रश्न असा अलगद हिशेबाच्या वहीत येऊन पडला.

सुदैवाने या वहीचा नमुना गुजरातेत तयार होता. खंबायतेत लंगड्या कुत्र्यामांजरांसाठी आणि पाखरांसाठी रुग्णालये असल्याचे राल्फ फिच या इंग्रज प्रवाशाने सोळाव्या शतकाच्या अखेरीस नोंदविले आहे, आणि १६२३ साली तेथे आलेल्या पिएत्रो देल्ला व्हाल्ले या इटालियन प्रवाशानेही अशी ठिकाणे कुतूहलाने पाहिली होती. अहमदाबाद, सुरत येथील महाजन अशा संस्था पिढ्यान्‌पिढ्या चालवीत आले होते. बडोद्याच्या आपल्या बांधवांना ‘पांजरपोळ’ हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. इतरांसाठी एवढेच सांगतो, की म्हाताऱ्या, लुळ्यापांगळ्या आणि टाकून दिलेल्या जनावरांना मरेपर्यंत पोसण्याची ती जागा होय.

१८३४ साली मुंबईत भुलेश्वरच्या भागात असा पांजरपोळ स्थापन झाला. त्याच्या स्थापनेत जमशेटजींबरोबर दुसरे मोठे नाव आहे ते मोतीचंद अमीचंद यांचे. जैन समाज त्यांना शेठ मोतीशा म्हणून ओळखतो. पालिताण्याच्या डोंगरावर त्यांच्या नावाचा मंदिरसमूह आहे. एक पारशी आणि एक जैन, दोघेही चीनशी व्यापार करणारे. दोघांनी आपल्या पदरचे द्रव्य घातले. परंतु, श्रोतेहो, मला या दोघांचे थोरपण त्यांच्या देणगीत जितके दिसते, त्याहून अधिक त्यांनी लावून दिलेल्या पद्धतीत दिसते. देणगी एकदा येते. जनावराला मात्र भूक रोज लागते.

ती पद्धत अशी. शहरातील व्यापाऱ्यांनी आपल्या मालाच्या उलाढालीवर पांजरपोळासाठी एक बारीकशी पट्टी बसवून घेतली. कापसासारखा माल हातोहात फिरे, आणि प्रत्येक सौद्यात दर गाठीमागे वा दर खंडीमागे ठरावीक रक्कम धर्मादाय म्हणून वेगळी निघे. एकेका सौद्यात ती इतकी अल्प असे, की देणाऱ्याला ती जाणवू नये. पण बंदरातून जाणाऱ्या साऱ्या मालावर ती जमली म्हणजे गवताच्या गंज्या आणि भाकरीच्या थप्प्या त्यातून येत. सरकारचा हुकूम नव्हता, वसुलीला शिपाई नव्हता. जो देणार नाही त्याच्याशी महाजन व्यवहार करणार नाहीत, एवढा धाक पुरेसा होता. लहानपणी वाण्याच्या जुन्या बिलांवर शेवटच्या ओळीत ‘धर्मादाय’ असे लिहिलेले आपणांपैकी कित्येकांनी पाहिले असेल. ती ओळ याच पद्धतीची. पुढे १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाने या धर्मादायाची दखल घेतली, आणि असा पैसा घेणारा व्यापारी त्या रकमेचा मालक नसून विश्वस्त आहे असे ठरविले. म्हणजे सुमारे शंभर वर्षे जे केवळ रिवाजावर चालले, त्याला नंतर कायद्याचे कवच मिळाले.

येथे एक कडू गोष्ट सांगणे प्राप्त आहे. हा पैसा कोठून येत होता? जमशेटजी आणि मोतीशा यांच्या संपत्तीचा मोठा वाटा कापसाबरोबर अफूच्या व्यापारातला होता. ती अफू माळव्याची, म्हणजे इंदूर-उज्जैनच्या मुलुखातली. ती मुंबईहून वा पोर्तुगीजांच्या दमणहून चीनला जाई. या व्यापारी वर्तुळात रोजेरिओ द फारिया हा गोमंतकीय ख्रिस्ती व्यापारी होता आणि महमद अली रोगे हा कोकणी मुसलमानही होता. तेव्हा कोणत्याही एका समाजाने दुसऱ्याकडे बोट दाखविण्याचे कारण नाही. मुंबईतील कुत्र्याच्या तोंडी पडणाऱ्या भाकरीत कँटनच्या अफूबाजाचा हिस्सा होता, हे सत्य आहे. त्यामुळे पांजरपोळाचे मोल उणे होते असे मी म्हणत नाही, पण ते सांगितल्यावाचून ही कथा पुरी होत नाही.

दुसरी गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. ज्या कुत्र्यापायी दंगल झाली, त्याचे पुढे काय झाले? आज भुलेश्वरच्या पांजरपोळात गेलात तर प्रामुख्याने गाई दिसतील. भाविक मंडळी येतात, दारात चारा विकत घेऊन गाईंना घालतात आणि समाधानाने परततात. यात कोणाचे कारस्थान नाही. गाईला घास घालण्यात पुण्य आहे अशी श्रद्धा आहे, तिचे दूध आहे, सणावाराला तिची आठवण होते. भटक्या कुत्र्याच्या नावाने कोण चेक लिहितो? जोवर पैसा सौद्यावरील पट्टीतून येत होता, तोवर तो कोणत्या जनावरावर खर्च व्हावा हे विश्वस्त ठरवू शकत. पुढे व्यापाराची रीत बदलली, महाजनांचा धाक ओसरला, आणि संस्थेला भोवतालच्या इमारतींच्या भाड्यावर व दात्यांच्या इच्छेवर विसंबावे लागले. त्या भाड्याचेही काय झाले ते मुंबईकर जाणतात. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने १९४० च्या सुमाराची भाडी गोठवून टाकली, आणि जुन्या इमारतींवर जगणाऱ्या धर्मादाय संस्थांचे उत्पन्न जागच्या जागी थिजले. दात्याच्या इच्छेवर चालणारी संस्था हळूहळू दात्याला प्रिय असलेल्या प्राण्याची होते, एवढाच याचा अर्थ.

कुत्र्याची बाजू घेणाऱ्या दुसऱ्या संस्था दरम्यान निघाल्या होत्या. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारी मंडळी मुंबईत १८७४ साली स्थापन झाली, आणि त्यानंतरच्या दशकात दिनशा माणेकजी पेटिट यांच्या औदार्याने परळला त्यांच्या पत्नी साकरबाई यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय उभे राहिले. परंतु रुग्णालय आजाऱ्याला बरे करून परत पाठविते. ज्याला परत जावयाला घरच नाही, त्याचा प्रश्न तेथे सुटत नाही.

१९२६ साली हा प्रश्न अहमदाबादेत पुन्हा पेटला. एका गिरणीमालकाने आपल्या आवारातील साठ कुत्री मारविली, आणि जीवदयावाद्यांनी गांधीजींकडे दाद मागितली. सर्वांच्या अपेक्षेविरुद्ध गांधीजींनी त्या मालकाचा पक्ष घेतला, आणि ‘यंग इंडिया’त या विषयावर लेखमालाच लिहिली. शिव्याशापांची पत्रे आली, तरी ते बधले नाहीत. त्यांचे म्हणणे असे होते, की रस्त्यावरील कुत्र्याला तुकडा फेकणे ही दया नव्हे; ज्याला दया करावयाची त्याने कुत्रा घरी पाळावा, नाही तर त्याच्यासाठी नीट व्यवस्था उभारून तिचा भार उचलावा. धनी नसलेला कुत्रा हे त्यांना समाजाच्या बेफिकिरीचे लक्षण वाटे. मारण्याबाबतचे त्यांचे मत मला पटत नाही. परंतु तुकडा फेकणे आणि भार उचलणे यांतील जो भेद त्यांनी दाखविला, तो भुलेश्वरच्या वहीत शंभर वर्षे आधी मांडलेला होता, असे मला वाटते.

मुंबई महानगरपालिकेने मोकाट कुत्री मारणे १९९४ साली थांबविले, आणि निर्बीजीकरणाचा मार्ग धरला. २००१ च्या नियमांनी तो देशभर लागू झाला. शस्त्रक्रिया करावयाची, लस टोचावयाची, आणि कुत्रे ज्या गल्लीतून उचलले तेथेच सोडावयाचे, अशी ती योजना. योजना उत्तम, पण ती जेथे जेथे रेंगाळली, तेथे पिंजरे, गाड्या व वैद्य यांसाठी पैसा अपुरा पडला, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. आम्हां शिक्षकांना तर हा प्रश्न दाराशी दिसतो, कारण मधल्या सुट्टीतल्या डब्यांच्या वासाने शाळेच्या फाटकाशी कुत्री जमतात, आणि मुले त्यांना घास घालतात व त्यांच्यापासून पळतही असतात.

११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली व परिसरातील सर्व मोकाट कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. देशभर गदारोळ उठला. कोणी दंशांचे आकडे मांडले, कोणी मेणबत्त्या लावल्या. निवारे किती आणि त्यांचा खर्च कोण करणार, हा प्रश्न दोन्ही बाजूंच्या घोषणांत बुडून गेला. अकरा दिवसांनी, २२ ऑगस्टला, मोठ्या पीठाने तो आदेश सौम्य केला : पिसाळलेली वा हिंस्र कुत्री वगळून इतरांना निर्बीजीकरण व लसीकरणानंतर मूळ जागी सोडावे, आणि खाऊ घालण्याच्या जागा ठरवून द्याव्यात. नोव्हेंबरात शाळा, रुग्णालये, बसस्थानके अशा ठिकाणांची कुत्री हलविण्याचा आणखी एक आदेश आला.

२२ ऑगस्टच्या आदेशात एक कलम होते, त्याची चर्चा फारशी झाली नाही. कुत्र्यांची बाजू मांडण्यासाठी जे न्यायालयात आले होते, त्यांपैकी प्रत्येक व्यक्तीने २५,००० रुपये आणि प्रत्येक संस्थेने २ लाख रुपये सात दिवसांच्या आत भरावेत, आणि तो पैसा महानगरपालिकांच्या देखरेखीखाली कुत्र्यांच्या सोयींसाठी वापरावा, असे न्यायमूर्तींनी फर्मावले. १८३४ साली भुलेश्वरात व्यापाऱ्यांनी आपली पट्टी आपणच बसवून घेतली होती; ती दर सौद्याला निघत असे. न्यायालयाने बसविलेली पट्टी एकदाच भरावयाची होती.