बुद्धीचा उंबरठा

साहित्य शिकणाऱ्या-शिकवणाऱ्या मंडळींची एक भाबडी श्रद्धा असते की जे कळत नाही ते आपले होत नाही. ‘कविता कळली का?’ असे आम्ही वर्गात विचारतो, आणि उत्तर शब्दांत आले नाही की ‘कळली नाही’ अशी मनाशी नोंद करून पुढच्या बाकाकडे वळतो. आमचा अवघा व्यवसायच या ‘कळण्या’वर उभा असल्यामुळे ते कळणे म्हणजे काय, हे तपासण्याची वेळ सहसा येत नाही. आमच्यावर ती आली ती एका निराळ्याच इतिहासाच्या वाचनातून. कालपरवापर्यंत आपण सर्रास ‘मतिमंद’ म्हणत होतो (आणि कित्येक शाळांच्या पाट्यांवर हा शब्द अजूनही आहे), त्या बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांना कॅथलिक चर्चमध्ये वेदीजवळ जागा होती की नव्हती, याचा हा इतिहास. तो दयेचा आणि सेवेचा इतिहास म्हणून सांगण्याची रीत आहे. आम्हांला तो एका प्रश्नाचा इतिहास वाटतो: ‘हे काय आहे, तुला कळते का?’

हा प्रश्न ज्या वस्तूविषयी विचारला जातो ती म्हणजे मिस्सामध्ये दिली जाणारी भाकर. कॅथलिक श्रद्धेनुसार मिस्सामध्ये ती ख्रिस्ताचे शरीर होते, आणि तिचा स्वीकार, म्हणजे कम्युनियन, हा श्रद्धाळूच्या जीवनाचा गाभा असतो. चर्चमध्ये बसायला मिळणे आणि ही भाकर मिळणे या दोन गोष्टींत फार अंतर आहे. लग्नाच्या मांडवात बसू दिले पण पंगतीला पान मांडले नाही, तर आलेल्या माणसाला काय वाटेल ते मराठी वाचकाला समजावून सांगायला नको.

आरंभीच्या शतकांत हा उंबरठा नव्हता. तान्ह्या मुलालाही बाप्तिस्म्याबरोबरच कम्युनियन दिले जाई, आणि पौर्वात्य चर्चच्या परंपरेत ती रीत टिकली. पश्चिमेत मात्र बाराव्या शतकाच्या सुमारास ती मागे पडली. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून किमान एकदा, ईस्टरच्या सुमारास, कम्युनियन घेण्याचा नियम घातला तो ‘समजत्या वयाला’ आलेल्यांसाठी. नियम होता आळशी भाविकांना वेदीपाशी आणण्यासाठी. पण ‘समज’ हा शब्द एकदा कायद्यात आला की ती कोणाला आहे हे ठरवणारा कोणीतरी लागतोच.

त्याच शतकात थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा’मध्ये हा प्रश्न नेमकेपणाने मांडला. बुद्धीचा उपयोग नसलेल्यांना हा संस्कार द्यावा काय? त्यांचे उत्तर सरसकट नाही, आणि म्हणूनच ते सावकाश वाचावे. अंधूक दिसणाऱ्यालाही लोक आंधळाच म्हणतात. तसे ज्यांची बुद्धी केवळ दुर्बळ आहे त्यांच्या मनात थोडीतरी भक्ती जागू शकते, म्हणून त्यांना नाकारू नये. ज्यांनी बुद्धी नंतर गमावली, पण पूर्वी या संस्काराविषयी भक्ती दाखवली होती, त्यांनाही मरणसमयी तो द्यावा. जन्मापासूनच ज्यांना बुद्धीचा उपयोग कधी लाभला नाही, त्यांना मात्र देऊ नये. बाप्तिस्म्याच्या बाबतीत तेच अक्वायनस म्हणतात की अशा माणसांना तान्ह्या बाळाप्रमाणे चर्चच्या श्रद्धेवर बाप्तिस्मा द्यावा. दार इतरांच्या श्रद्धेवर उघडते, पान मात्र स्वतःच्या बुद्धीवर मांडले जाते. ही विसंगती पुढे सातशे वर्षे पुरली.

पुढे छापखाना आला आणि धर्मशिक्षणाला प्रश्नोत्तरांचे पुस्तकी रूप मिळाले. गोव्यात रायतूर येथे १६२२ मध्ये छापलेली, फादर थॉमस स्टीफन्स यांची कोकणी ‘दौत्रिना क्रिस्तां’ ही याच जातीची. ‘ख्रिस्तपुराण’कर्त्याचे हे दुसरे पुस्तक आपण भाषेच्या इतिहासासाठी वाचतो, आणि ते योग्यच आहे, लोकांना त्यांच्या बोलीत श्रद्धा कळावी ही त्यामागची तळमळ खरी होती. पण प्रश्नोत्तरी हा वाङ्मयप्रकारच असा आहे की त्यात ज्याला उत्तर देता येते तोच पात्र ठरतो. ज्याच्या तोंडून शब्द फुटत नाही त्याला त्या पुस्तकात ओळच नाही.

१९१० मध्ये पोप दहावे पायस यांनी ‘क्वाम सिंग्युलारी’ या आदेशाने कम्युनियनचे वय खाली आणले. तोवर मुलांना दहा-बारा, काही ठिकाणी चौदा वर्षांपर्यंत ताटकळावे लागे; आता सुमारे सात हे वय ठरले आणि संपूर्ण धर्मशिक्षणाची अट गेली. ही भाकर नेहमीच्या भाकरीहून वेगळी आहे एवढे मुलाने ओळखले की पुरे. एका अर्थी उंबरठा पार जमिनीलगत आला. पण ज्या मुलाला सातव्या वर्षी ही ओळख शब्दांत सांगता आली नाही आणि सतराव्या वर्षीही आली नाही, त्याच्यासाठी तो तेवढाच उंच राहिला. किंबहुना बाकीची सगळी मुले पांढरे कपडे घालून पलीकडे गेल्यामुळे अधिकच उंच दिसू लागला.

या राहिलेल्या मुलांच्या आईवडिलांचा आवाज इतिहासात उशिरा ऐकू येतो. १९६० च्या दशकात फ्रान्समधल्या एका दांपत्याने आपल्या दोन गंभीर अक्षमता असलेल्या मुलांना आपल्या धर्मप्रांताच्या यात्रेबरोबर लूर्दला नेण्याची इच्छा व्यक्त केली. मुलांना काही समजणार नाही आणि इतर यात्रेकरूंना त्रास होईल, म्हणून नकार मिळाला. ते स्वतःच्या बळावर गेले. हॉटेलात खोली मिळाली ती जेवण खोलीतच घेण्याच्या अटीवर. जगभरच्या आजाऱ्यांना जिथे आवर्जून नेले जाते त्या लूर्दमधली ही गोष्ट! देहाच्या व्याधीला तिथे मानाचे स्थान होते. मतीच्या उणिवेला भोजनगृहातही नव्हते. या दुखावलेल्या घरातून प्रेरणा घेऊन मारी-एलेन मात्यू आणि ज्याँ व्हानिए यांनी १९७१ च्या ईस्टरला लूर्दची वेगळी यात्रा आखली. पंधरा देशांतून सुमारे १२,००० माणसे आली. त्यांतली ४,००० बौद्धिक अक्षमता असलेली होती. ‘श्रद्धा आणि प्रकाश’ या नावाची चळवळ या यात्रेतून उभी राहिली.

नियमांची भाषा यानंतर हळूहळू सैल झाली. १९८३ च्या कॅनन संहितेने अक्षमता असलेल्यांनाही त्यांच्या स्थितीनुसार शक्य तेवढे धर्मशिक्षण मिळेल हे पाहण्याचे काम धर्मगुरूवर सोपवले. अमेरिकेच्या बिशपांनी १९९५ मध्ये काढलेली मार्गदर्शक तत्त्वे आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. भाकरीतला फरक ओळखण्याची अट त्यांनी ठेवली. पण ही ओळख बोलूनच दाखवायला हवी असे नाही, वागण्यातून, हावभावातून, आदरयुक्त मौनातूनही ती प्रकट होऊ शकते, असे म्हटले. आणि शंका असेल तिथे निर्णय त्या बाप्तिस्माप्राप्त माणसाच्या हक्काच्या बाजूने द्यावा, असेही. पुराव्याची व्याख्या बदलली ती इथे. २००७ मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी आणखी एक पाऊल टाकले. मानसिक अक्षमता असलेल्या, बाप्तिस्मा व दृढीकरण झालेल्या माणसांना शक्य तितके कम्युनियन मिळावे. कुटुंबाच्या किंवा सोबत असलेल्या समुदायाच्या श्रद्धेतही ते त्याचा स्वीकार करतात, असे त्यांनी लिहिले. अक्वायनसने बाप्तिस्म्यासाठी जी मुभा दिली होती ती अखेर पंगतीपर्यंत पोचली. अर्थात कागदावर. वेदीपाशी उभा असलेला धर्मगुरू कोणते मौन आदराचे समजेल आणि कोणते नुसते रितेपणाचे, हे कोणत्याही कागदात लिहिता येत नाही.

आता ज्या नावाशिवाय हा इतिहास सांगता येत नाही, आणि ज्या नावाने तो आता सरळपणे सांगता येत नाही, त्याकडे येऊ. ज्याँ व्हानिए हे कॅनडाच्या गव्हर्नर-जनरलांचे पुत्र, नौदलातले माजी अधिकारी, अ‍ॅरिस्टॉटलवर प्रबंध लिहिलेले. ऑगस्ट १९६४ मध्ये पॅरिसच्या उत्तरेकडील त्रोस्ली-ब्रय या खेड्यात एका जुन्या घरात त्यांनी राफाएल आणि फिलिप या दोन पुरुषांना संस्थेतून आणून स्वतःबरोबर ठेवले. घराचे नाव ‘लार्श’, म्हणजे नोहाचे तारू. शुश्रूषा करणारे आणि शुश्रूषा घेणारे असा भेद न ठेवता एकाच टेबलावर जेवायचे, हा त्या घराचा शिरस्ता. अशी घरे देशोदेशी झाली. १९७० मध्ये बंगळूरला ‘आशा निकेतन’ सुरू झाले. तिथे हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती एकाच घरात राहू लागले आणि कम्युनियनचा पेच मागे पडून रोजचे जेवणच पुढे आले.

लार्शला वाङ्मयात नेले ते मुख्यतः हेन्री नाउवेन यांनी. हा डच धर्मगुरू येल आणि हार्वर्डला शिकवून १९८६ मध्ये टोरोंटोजवळच्या ‘डेब्रेक’ या लार्श समुदायात राहायला गेला. तिथे त्याच्यावर अ‍ॅडम या तरुणाला रोज सकाळी उठवणे, न्हाऊ घालणे, भरवणे हे काम सोपवले गेले. अ‍ॅडम बोलू शकत नव्हता. त्याला अपस्माराचे झटके येत. फेब्रुवारी १९९६ मध्ये तो गेला, त्याच वर्षी सप्टेंबरात नाउवेनही. अ‍ॅडमवरचे पुस्तक १९९७ मध्ये निघाले. त्यात अ‍ॅडमच्या आयुष्याचे टप्पे ख्रिस्तचरित्रावर बेतलेले आहेत: अज्ञातवास, अरण्य, लोकांमधले कार्य, क्लेश, मृत्यू, पुनरुत्थान. महिपतीबोवांच्या पोथ्या ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला हा साचा परका वाटू नये. आम्हांला मात्र हे पुस्तक वाचताना दोन गोष्टी एकदमच जाणवल्या. दात घासणे, दाढी करणे, घास भरवणे यांच्या वर्णनात अ‍ॅडम आहे, त्याचे वजन आहे, त्याच्या घाईने वागवणाऱ्याला न जुमानणारा त्याचा देह आहे. जिथे साचा सुरू होतो तिथे तो नाहीसा होतो आणि नाउवेनच्या आध्यात्मिक प्रवासाचे साधन उरते. ‘तो आम्हांला शिकवतो’ हे वाक्य या साऱ्या वाङ्मयात पुन्हा पुन्हा येते. ज्याला स्वतः काही म्हणता येत नाही त्याच्या नावावर आपण काय काय जमा करतो, याचा हिशेब टीकाकाराने तरी मागायला हवा.

तो हिशेब पुढे फार कठोरपणे मागितला गेला, पण वेगळ्या दिशेने. व्हानिए यांचा मृत्यू ७ मे २०१९ रोजी झाला. फेब्रुवारी २०२० मध्ये लार्शनेच करवलेल्या चौकशीचे निष्कर्ष जाहीर झाले: १९७० ते २००५ या काळात आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या आडून व्हानिए यांनी सहा स्त्रियांचे लैंगिक शोषण केले होते. जानेवारी २०२३ मधल्या सविस्तर अहवालात ही संख्या किमान २५ झाली. व्हानिए यांचे गुरू फादर तोमा फिलिप यांना अशाच वर्तनासाठी चर्चने १९५६ मध्ये शिक्षा दिली होती, आणि ते व्हानिए यांना ठाऊक होते. त्रोस्लीला जाण्यामागे या गुरूभोवतीचा मोडलेला गट पुन्हा जुळवण्याची ओढ होती, असेही अभ्यासकांना आढळले. पीडितांमध्ये बौद्धिक अक्षमता असलेली व्यक्ती त्यांना आढळली नाही.

या वाक्याने सुटल्यासारखे वाटते. तसे वाटू देऊ नये. ज्या शब्दांत व्हानिए दुबळेपणाचा महिमा गात त्याच कोमल, प्रार्थनेच्या शब्दांत त्यांनी त्या स्त्रियांची दिशाभूल केली होती. लार्शने हे अहवाल स्वतः मागवले आणि स्वतः प्रसिद्ध केले, याचे श्रेय तिला द्यायला हवे. तिथली घरे चालू आहेत, कारण ती व्याख्यानांवर चालत नव्हती. भांडी घासणे, औषधांच्या वेळा आणि संध्याकाळचे जेवण यांवर चालत होती. पण संस्थापकाच्या पुस्तकांचे काय करायचे? आमच्यापैकी काहींच्या कपाटात ती आहेत. काढून टाकावीत असे आम्हांला वाटत नाही. मात्र ‘मी त्यांना घरी आणले’ या कथेत ‘मी’ कोण आणि ‘ते’ कोण, हे विचारल्याशिवाय ती आता वाचताही येत नाहीत. सांगणाऱ्याच्या हाती शब्द होते, आणि ज्यांच्याविषयी सांगितले गेले त्यांच्याकडे बहुधा नव्हते. समावेशाचा हा सारा इतिहास समाविष्ट करणाऱ्यांनी लिहिलेला आहे, आमचा हा लेखही धरून.

त्या स्थापनाकथेत एक तपशील आहे, जो ओघात सांगून कथा पुढे जाते. १९६४ च्या ऑगस्टमधल्या त्या पहिल्या रात्री घरात दोन नव्हे, तीन पाहुणे होते. तिसऱ्याला ऐकू येत नव्हते आणि बोलता येत नव्हते. त्या अनोळखी घरात तो इतका बिथरला की त्याला तिथे ठेवणे जमेना, आणि लगेचच त्याला पुन्हा संस्थेत पोचवण्यात आले.