रहस्यमाला आणि वाचकांचा हिरमोड

रहस्यकथेच्या वाचकाचा हिरमोड हा त्या साहित्यप्रकाराइतकाच जुना आहे. डिसेंबर १८९३मध्ये आर्थर कॉनन डॉयल यांनी ‘स्ट्रँड’ मासिकातल्या कथेत शेरलॉक होम्सचा रायशेनबाख धबधब्यापाशी शेवट केला आणि लंडनमधले वाचक खवळले. हजारो वर्गणीदारांनी मासिक बंद केल्याचे सांगितले जाते. १९०१मध्ये डॉयलना होम्सची एक जुनी हकिकत म्हणून ‘हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ लिहावी लागली आणि १९०३मध्ये तर त्याला सरळ जिवंतच करावे लागले. पुढे १९२७पर्यंत तो चालला. एकूण ६० कथा-कादंबऱ्या झाल्या. पण तोवर वाचकांचे गाऱ्हाणे बदलले होते. होम्स कड्यावरून पडून मेला नसेल, पण त्यानंतर तो पूर्वीचा राहिला नाही, असे कॉर्नवॉलच्या एका नावाड्याने आपल्याला ऐकवल्याचे खुद्द डॉयलनी नोंदवून ठेवले आहे. दीर्घकाळ चाललेल्या मालेवरची इतकी नेमकी टीका क्वचितच झाली असेल. माला थांबली की वाचक चिडतो आणि चालू राहिली की मनातून खट्टू होतो.

१८९३च्या त्याच डिसेंबरात ‘हाफपेनी मार्व्हल’ या स्वस्त साप्ताहिकात सेक्स्टन ब्लेक नावाचा दुसरा गुप्तहेर अवतरला. होम्स एका लेखकाचा होता, ब्लेक प्रकाशकाचा. पुढच्या काळात असंख्य लेखकांनी त्याच्या हजारो कथा लिहिल्या. नायकाचे नाव तेच, लिहिणारा हात दर वेळी वेगळा, त्यामुळे या आठवड्याचा ब्लेक चलाख तर पुढच्या आठवड्याचा ठोकळा, हे वाचकाच्या अंगवळणी पडले. अगाथा ख्रिस्तींची अडचण निराळी. १९२०मध्ये पहिल्याच कादंबरीत त्यांनी हर्क्युल पॉयरोला निवृत्त पोलीस अधिकारी करून ठेवले आणि मग त्याला पन्नासहून अधिक वर्षे चालवावे लागले. १९७२च्या ‘एलिफंट्स कॅन रिमेंबर’मध्ये पात्रांची वये आणि सालांचे हिशेब जुळत नाहीत, हे निष्ठावंत वाचकांच्याही लक्षात आले. पॉयरोचा शेवट सांगणारी ‘कर्टन’ मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच लिहून ठेवलेली होती. ती १९७५मध्ये छापली गेली आणि उताराला लागलेल्या मालेला भरात असतानाचा शेवट मिळाला.

मराठीत ही हवा आधी इंग्रज लेखक रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांवरून आली. गो. ना. दातारांनी त्यांना इथला वेष चढवला आणि ‘कालिकामूर्ती’, ‘इंद्रभुवनगुहा’ यांवर मराठी वाचकांच्या दोन पिढ्या पोसल्या. पण दातारांची प्रत्येक कादंबरी स्वतंत्र होती. एकच नायक घेऊन महिनोन् महिने पुस्तके काढायची, हा धंदा खऱ्या अर्थाने उभा केला तो बाबूराव अर्नाळकरांनी.

चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे खरे नाव. गिरगावात त्यांचे चष्म्यांचे दुकान होते. गिनीज बुकाने १९३६ ते १९८४ या काळातली त्यांची १,०९२ रहस्यपुस्तके नोंदवली आहेत. म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षे दरमहा जवळजवळ दोन पुस्तके. त्यांच्याकडे नायकांचे एक घराणेच होते. होम्सच्या वळणाचा डिटेक्टिव्ह धनंजय आणि त्याचा सहकारी छोटू, कायद्याच्या चौकटीबाहेर राहून दुष्टांना शासन करणारा काळापहाड, साहसी झुंजार आणि त्याची बायको विजया, शिवाय दर्यासारंग. मुखपृष्ठांवर रघुवीर मुळगावकरांची भडक, देखणी चित्रे असत. भाषा स्वच्छ, मजकूर घरात कुणाच्याही हाती पडावा असा सोवळा, आणि दुर्जनाला शिक्षा ठरलेली. वाचनाची गोडी आपल्याला अर्नाळकरांनी लावली, असे सांगणारी माणसे मराठीत पिढ्यान् पिढ्या भेटतात. समीक्षेने मात्र त्यांना साहित्याच्या उंबऱ्याबाहेरच ठेवले. हा अन्याय होता. एवढ्या वाचकांना पुस्तकाकडे ओढणाऱ्या लेखकाचे गुणदोष नीट तपासायला हवे होते.

तपासले असते तर वाचकांच्या हिरमोडाचे मूळही सापडले असते. ते धंद्याच्या रचनेत होते. रहस्यकथेचे खरे गिऱ्हाईक म्हणजे सर्क्युलेटिंग लायब्ररी. वाचक अनामत ठेवी, महिन्याची वर्गणी भरी आणि पुस्तक बदलून नेई. शंभर-सव्वाशे पानांची ही पुस्तके एका बैठकीत संपत, त्यामुळे तो दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात उभा. त्याला रोज नवे हवे, म्हणून लायब्ररीवाल्याला दर महिन्याला नवा माल हवा, म्हणून प्रकाशकाला लेखकाकडून ठरल्या तारखेला हस्तलिखित हवे. या साखळीत रहस्य शिजायला वेळ कुठून मिळणार? मग तीच भुयारे, तेच वेषांतर, तेच नाव बदललेले खलनायक फिरून येत. इंग्रजी वाचू लागलेल्या मुलाला एखाद्या दिवशी एडगर वॉलेस किंवा तशाच कुणा ब्रिटिश लेखकात ओळखीचे कथानक भेटे आणि लहानपणीचा विश्वास कायमचा उणावे. मालेवर सर्वांत खोल घाव बसे तो इथे.

ही निराशा कुठे छापून येत नसे. ती पुस्तकातच उमटे. लायब्ररीची प्रत म्हणजे जाड पुठ्ठ्याची बांधणी, कडा काळवंडलेल्या, पहिल्या पानावर जांभळा शिक्का, मागे तारखांची चिठ्ठी. शेवटच्या कोऱ्या पानावर आधीच्या वाचकांचे शेरे पेन्सिलीत असत. कुणी ‘बंडल’ एवढेच लिहून मोकळा होई, कुणी ‘झकास, जरूर वाचा’ म्हणे. एखादा दुष्ट इसम तिसऱ्याच पानावर खुन्याच्या नावाभोवती गोल काढून ठेवी. शब्दांत न लिहिलेला शेराही होता. लागोपाठ दोन पुस्तके फसली की वाचक काउंटरवर त्या नायकाचे नाव घेईनासा होई. लायब्ररीवाल्याला ते प्रकाशकाच्या आधी कळे.

१९७०नंतर वाचक असा सरकला तो गुरुनाथ नाईक आणि सुहास शिरवळकर यांच्याकडे. १९६५ आणि १९७१च्या युद्धांनी लष्करी हेरगिरीची गोडी लावली होती, आणि नाईकांचा कॅप्टन दीप त्या काळाला शोभणारा होता. गोलंदाज, शिलेदार, सूरज अशा त्यांच्याही माला झाल्या आणि पुस्तकांची संख्या हजाराच्या पुढे गेली. अर्नाळकरांना ज्या वेगाने दमवले, त्याच वेगाने पुढे नाईकांच्याही कथांत तोचतोचपणा आला. पुण्याच्या शिरवळकरांचे मंदार पटवर्धन, दारा बुलंद, फिरोज इराणी, अमर विश्वास हे नायक अधिक शहरी, अधिक बोलके होते. शिरवळकरांनी वेगळी वाट धरली. माला तुटेपर्यंत ताणण्याऐवजी ते सामाजिक कादंबरीकडे वळले आणि ‘दुनियादारी’ने त्यांना नवा वाचक मिळवून दिला. दारा बुलंदच्या चाहत्यांना ते लागले असणार, पण लेखक म्हणून तो निर्णय योग्यच होता.

याच काळात रहस्यकथेला नवा वाचक देऊ शकेल असा पुण्याशेजारचा पिंपरी-चिंचवडचा औद्योगिक पट्टा भरत होता. १९५४मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. मग एमआयडीसी, टेल्को, आकुर्डीला बजाज. पवना नदीपलीकडच्या काळेवाडी, रहाटणी, थेरगावच्या शेतजमिनींचे गुंठे पडले आणि राज्यभरातून आलेल्या कामगारांची घरे त्यांवर चढली. पाळीत काम करणाऱ्या माणसाला बसमध्ये किंवा रात्रपाळीनंतर झोप येईपर्यंत संपेल असेच पुस्तक परवडते, आणि रहस्यकथा नेमकी त्या मापाची होती. पण काळेवाडीसारखी वस्ती दाट होत गेली ती प्रामुख्याने दूरदर्शनच्या काळात. मुंबई केंद्र १९७२मध्ये सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी त्याचे कार्यक्रम पुण्यात दिसू लागले. १९८५मध्ये ‘करमचंद’, १९९३मध्ये ‘ब्योमकेश बक्षी’, १९९८पासून ‘सीआयडी’. तीच रहस्ये आता लायब्ररीच्या वर्गणीशिवाय घरात येऊ लागली. जुन्या मुंबई-पुण्यात सर्क्युलेटिंग लायब्ररी मुरायला जी चाळीस-पन्नास वर्षे मिळाली, ती या नव्या वसाहतींना मिळाली नाहीत.

यामुळे मराठी मालांचा शेवट ब्रिटिश मालांपेक्षा वेगळा झाला. पॉयरो मेला तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ६ ऑगस्ट १९७५ रोजी त्याची मृत्युवार्ता छापली. होम्स मधमाश्या पाळायला ससेक्सला गेला. धनंजय, काळापहाड, झुंजार यांना असा निरोप मिळाला नाही. लायब्रऱ्या एकेक करून बंद झाल्या, दरमहाचा माल थांबला आणि वाचकाला न सांगता माला संपल्या. अर्नाळकर १९९६मध्ये गेले, शिरवळकर २००३मध्ये, नाईक २०२१मध्ये पुण्यात.

पुढे मराठी वाचकाने रोहन प्रकाशनाच्या मालेतून अशोक जैनांच्या भाषांतरातला सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदा जवळ केला. राय यांना दरमहाच्या हस्तलिखिताची सक्ती नव्हती. कादंबऱ्या संथपणे लिहिल्या गेल्या होत्या आणि मराठीत त्या निवडून, एकत्र आल्या. अर्नाळकरांच्याही निवडक कथा आणि शिरवळकरांच्या रहस्यकादंबऱ्या पुन्हा छापल्या गेल्या आहेत. हजारांतली दहा-वीस पुस्तके सावकाश वाचली की पुनरावृत्ती तितकी टोचत नाही. तेव्हा अर्नाळकरांचा प्रसंग उभा करण्याचा हातखंडा आणि शिरवळकरांचे चुरचुरीत संवाद आधी नजरेत भरतात.